पाकिटामागची एक ओळ

२ मार्च
मीठ बंद. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं — हिची मूत्रपिंडं निम्म्याहून जास्त थकलीत. "खाण्यापिण्यात जपलंत तर डायलिसिस लांबवता येईल." डायलिसिस म्हटलं की हिचा चेहरा उतरतो.

३ मार्च
ही फार दमते. आजपासून स्वयंपाकघर माझं! ही म्हणाली, "आधी लायटर कुठे असतो ते शोधा." शोधायला दहा मिनिटं लागली.

५ मार्च
दुकानात तासभर सुपांपुढे उभा. एकेका पाकिटात दिवसभराचं मीठ! त्या विरघळवायच्या वड्या म्हणजे तर निव्वळ मिठाचे खडे. शेवटी एक मिळालं — हिरवं पाकीट, भाज्यांचं सूप, 'कमी सोडियम'. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. पाकिटामागची बारीक अक्षरं मी सोडतोय होय? भिंग लावून तीनदा वाचलं. एक चूक नाही. 'पोटॅशियम क्लोराइड'सुद्धा शुद्ध, 'ट'वरचा चंद्र जागच्या जागी. घरचे मालक खूश होऊन सहा पाकिटं घेऊन आले. मालक म्हणजे मीच.

६ मार्च
मीठ कमी, तरी चव खारट. कमाल आहे. ही वाटीकडे बघत बसली, मग सगळं प्यायली. "छान झालंय हो."

१० मार्च
रोज दोन वेळा सूप. चांगलाच हात बसलाय.

१४ मार्च
सकाळी न्हाणीघराच्या दारात हिचे पाय गेले. दवाखाना. रक्तातलं पोटॅशियम सहा पूर्णांक आठ (पाचच्या आत हवं), ठोके अडखळत होते. तातडीनं डायलिसिस केलं. जे लांबवायचं होतं, तेच.

आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, काय देत होतात? मी ऐटीत पाकीट काढून दिलं. त्यांनी ते उलटं केलं, एका ओळीवर बोट ठेवलं. "मिठाऐवजी हे घालतात, काका. काकूंची मूत्रपिंडं पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाहीत."

तीच ओळ. मी तिचं शुद्धलेखन पाहिलं. अर्थ लेखकानं बघावा, आपण वेलांट्या बघाव्यात — जन्मभर हेच मिरवत आलो. माझ्या हातानं पाजलं मी हिला. स्वतःची लाज वाटते.

१५ मार्च
ही झोपूनच आहे. मी पलंगाशेजारी नुसता बसून.

१६ मार्च
बाईंनी सगळं लिहून दिलं. सोडियम आणि पोटॅशियम, दोन्ही बघायचं. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी फेकायचं, मग ताज्या पाण्यात सूप. चवीला मिरी, थोडं लिंबू. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, हे आधी सांगायला काय झालं होतं?

"पहिल्याच दिवशी सांगितलंय काकूंना, 'कमी सोडियम'ची पाकिटं नकोत हेसुद्धा. तुम्ही बाहेर पेपर वाचत होतात."

१७ मार्च
ही उठून बसली. मी विचारलं — माहीत होतं, तर प्यायलीस कशाला?

"लग्नानंतर पहिल्यांदाच तुम्ही माझ्यासाठी काही रांधलंत. नको कसं म्हणू?"