पालथं पडून लिहिलेलं

४ नोव्हेंबर, मंगळवार

बसता येत नाही. उताणं झोपता येत नाही. पालथं पडून लिहितेय, त्यामुळे अक्षराचा आनंदी आनंद!

दुपारी घरी आणलं. माकडहाडाजवळचं कापलंय. मी आपलं गळू म्हणते, डॉक्टरांचा शब्द मोठा होता. दिवसभर गाडीत बसणाऱ्यांना होतं म्हणे. मी तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत शिकाऊ लोकांच्या शेजारी बसून ब्रेक दाबत असते. ड्रायव्हिंग स्कूल काढलं तेव्हा धंद्याबरोबर हेही पदरात पडेल असं कुणी बोललं नव्हतं.

टाके घातलेले नाहीत. खड्डा उघडाच आहे. डॉक्टर म्हणाले, "तळापासून भरत वर यायला हवा. वरून आधी मिटला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून." म्हणून रोज आत भरलेली पट्टी काढायची, धुवायचं, नवी भरायची.

"घरी कोण करणार?" सिस्टरनं विचारलं. नवऱ्यानं शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

५ नोव्हेंबर, बुधवार

नवऱ्यानं पट्टीचं टोक धरलं, थोडं ओढलं, आत पाहिलं. "अगं, हे तर —" एवढंच म्हणाला आणि भिंतीला टेकून खाली बसला. पांढराफटक! मी पालथी, तो आडवा. मीच ओरडून ओरडून त्याला पाणी प्यायला लावलं. पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर, तशीच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हॉस्पिटलात जाऊन करून आणलं. मागच्या सीटवर पोटावर पडून गेले. नवरा चालवत होता. प्रत्येक गतिरोधकाला माझा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता.

सिस्टरकडे बरीच माणसं थांबलेली. पट्टी सुकून चिकटली होती. "आता जरा दुखेल हं" म्हणाली आणि एका झटक्यात ओढली. जरा! माझा आवाज बाहेरच्या बाकांपर्यंत गेला असणार, कारण बाहेर आले तर सगळे खाली बघत होते.

येताना जिन्यात अर्ध्यावर थांबले. कठड्याला डोकं टेकून रडले. रोज हे? रोज?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नवऱ्यानं परस्पर खाली जाऊन सांगितलं. मला न विचारता! खाली म्हणजे थोरलीकडे. माझी जाऊ. एकाच घरात राहतो, ती खाली, आम्ही वर. सासूबाई गेल्यापासून आमच्यात बोलणं नाही. काही निरोप असला तर दोघे भाऊ आणतात, नेतात.

सासूबाई गेल्या तेव्हा मी शिकवायला बाहेर होते. फोन गाडीच्या खणात. घरी पोचले तर सगळी माणसं जमलेली, आणि थोरली दारात उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "आलीस? तुझी गाडी महत्त्वाची. माणसं काय, मरतातच." सगळ्यांसमोर. मी एक शब्द बोलले नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही.

"सासूबाईंच्या पाठीच्या जखमा तिनंच वर्षभर पाहिल्या. तिला येतं सगळं," नवरा म्हणतो.

येत असेल. सिस्टरच्या हातून ओरडेन, पण थोरलीसमोर कमरेखालची उघडी होणार नाही. सांगून टाकलं त्याला.

९ नोव्हेंबर, रविवार

आली.

दार वाजवलं नाही, काही नाही. हातात उकळून निववलेल्या पाण्याचं भांडं. "गोळी घेतलीस का आधी?" इतक्या महिन्यांनंतरचं पहिलं वाक्य हे! मी चादर मुठीत धरून पडले होते. "नको" म्हटलं.

"चादर सोड."

"मी उद्या हॉस्पिटलात —"

"गेलीस की दोनदा. सोड."

सोडली. काय करणार, उठून पळता येत नव्हतं! उशीत तोंड खुपसलं. कान तापले होते. तिनं पट्टीवर पाणी सोडलं आणि नुसती बसून राहिली. मला वाटलं, बघत बसलीय मेली. मग कळलं, भिजायची वाट बघतेय. नंतर पट्टी केव्हा निघाली ते समजलंसुद्धा नाही. नवी भरताना मात्र ब्रह्मांड आठवलं. ती हात थांबवायची, माझा श्वास सुटला की पुन्हा भरायची.

एक शब्द न बोलता गेली. आभार तरी कोणत्या तोंडानं मानायचे? ते उशीत होतं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आजही आली. नवरा जग जिंकल्यासारखा घरभर हिंडतोय. राग येतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

थोरलीला आज वाचा फुटली. पट्टी भिजेपर्यंत प्रश्नांवर प्रश्न. भूल देताना शुद्ध जाते का? तपासायला डॉक्टरीणबाई मिळतात का? सगळे कपडे काढायला लावतात का? आधी काय करतात, सुई घालतात की थेट कापतातच?

माझी जखम आणि हिची करमणूक! तुटक उत्तरं दिली.

"तुला केव्हा कळलं होतं?" शेवटी विचारलंन.

"पावसाळ्यापूर्वी."

"मग इतके दिवस काय केलंस?"

"लपवलं. लाज वाटली. जागा ही असली. वेळेवर गेले असते तर एवढासा चिरा पडला असता, असं डॉक्टर म्हणाले."

चिमटा भांड्यात ठेवल्याचा आवाज आला फक्त. जाताना दार ओढून घ्यायला विसरली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काय दिवस गेला!

सकाळी तिनं पट्टी काढली आणि म्हणाली, "वास बदललाय." मी म्हटलं, औषधाचा असेल. तिनं कपाळाला हात लावून पाहिला. "अंग तापलंय तुझं. ऊठ." नवरा कामासाठी परगावी. तिनं टॅक्सी मागवली, मला मागे पालथी घातली आणि स्वतः माझं डोकं मांडीवर घेऊन कोपऱ्यात अंग चोरून बसली. मांडीवर! थोरलीच्या! ड्रायव्हर कचाकच ब्रेक मारत होता. मी काही बोलण्याआधी तीच त्याच्यावर खेकसली, "ही गाडी शिकवते लोकांना. नीट चालव, नाहीतर तुलाही शिकवेल!"

हसायला आलं आणि हसताना इतकं दुखलं की ओरडले.

आत केस अडकून पू झाला होता. डॉक्टरांनी जागेवरच खरवडून काढलं. ते लिहीत नाही. थोरली डोक्याशी उभी होती. मी तिचं मनगट धरलं होतं. सोडलं तेव्हा माझ्या नखांच्या खुणा होत्या तिथे, एका ठिकाणी रक्तही.

"आई का या तुमच्या?" सिस्टरनं विचारलं.

"जाऊ," ती म्हणाली. सिस्टर आमच्याकडे आळीपाळीनं बघतच राहिली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ताप उतरला. वहिनी (आता थोरली म्हणवत नाही) आल्या तेव्हा विचारलंच. "का करता हे सगळं? आपण तर बोलतही नव्हतो."

"कुणीतरी करायला लागतं."

"ते झालंच. पण तुम्ही का?"

माझ्या पाठीमागून, पट्टी भरता भरता म्हणाल्या, "सासूबाई गेल्या तेव्हा मी एकटीच होते गं घरात. श्वास थांबला. मला वाटलं, माझ्याच हातून काही चुकलं. कुणी विचारायच्या आत कुणावर तरी ओरडायचं होतं. तू दारात आलीस."

मी मान वळवून बघायला गेले. "हलू नकोस," म्हणाल्या.

मला वाटलं होतं, हे ऐकायला मिळालं की गार गार वाटेल. तसं काही झालं नाही. वर्षभर वहिनी म्हातारीची कूस बदलत होत्या आणि मी वरून फक्त औषधं आणून देत होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार

खड्डा भरू लागलाय. डॉक्टर खूश. तळ लालबुंद आहे म्हणे, तसाच हवा. वहिनींना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "मला काय सांगतेस, मीच बघते रोज!"

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज वहिनी आल्या नाहीत. नवऱ्यानं केलं. एक डोळा मिटून.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आजही नाहीत. फोन उचलत नाहीत. भाऊजी म्हणाले, "पडून आहे. थकलीय म्हणते." शनिवारी इतकं विचारायला नको होतं का? पुन्हा तेच सुरू होणार का, निरोप आणि दोघे भाऊ? त्यापेक्षा सिस्टरचा झटका परवडला.

दुपारी कठड्याला धरून एक एक पायरी खाली गेले. वहिनी पलंगावर बसलेल्या. दिवा नाही, काही नाही. मला बघून एकदम उठल्या, डाव्या काखेतला हात काढून घेतला.

"वेडी का तू? पायऱ्या उतरलीस? फाटलं तर?"

"माझ्यावर रागावलात का?"

"नाही गं बाई."

"मग?"

"उद्या येते. जा वर. सावकाश जा."

त्या जिन्याखाली उभ्या राहून बघत होत्या, मी दार लावेपर्यंत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

वहिनी आल्या. दाराला आतून कडी घातली. मी सवयीनं पालथी झाले.

"तू नको," म्हणाल्या. "तू ऊठ. मला बघ."

गाउनची वरची बटणं सोडली. माझी बोटं धरून डाव्या काखेजवळ, स्तनाच्या कडेला टेकवली. गाठ. टणक. दाबली तरी जागची हलत नाही.

"केव्हापासून?"

"सासूबाई होत्या तेव्हापासून."

"भाऊजींना?"

मान हलवली. नाही.

"मग कुणाला सांगितलंय?"

"हे काय. तुला."

बटणं मी लावली. टॅक्सी खाली आलीय. निघतोय.