भाकरी मोजू नकोस

रविवार, दुपार

अव्वा, तुझी लेक फार दिवसांनी लिहिते आहे, रागावू नकोस. मधल्या काळात सांगण्यासारखं बरं काही घडलं नाही, आणि वाईट लिहायला हात धजावला नाही. उन्हाळ्यात हे कामाला होते तो टॉवेलचा कारखाना बंद पडला. माग भंगारात गेले. हे रोज सकाळी सायकल काढून अक्कलकोट रोडला जातात, या शेडमधून त्या शेडमध्ये बदली काम विचारतात आणि बहुतेक वेळा तसेच परत येतात. घर माझ्या एकटीच्या पगारावर आलं आहे.

तुझ्या हाताखाली जे शिकले ते सगळं या दिवसांत बाहेर काढलं. हुलग्याचे शेंगोळे, डाळ घालून पुंडीची भाजी, ताकातल्या ज्वारीच्या कण्या, शिळ्या भाकरीचा लसूण घालून कुस्करा, काहीच नसेल त्या दिवशी शेंगाचटणीवर तेलाची धार. एक पदार्थ लागोपाठ दोनदा ताटात येऊ दिला नाही. मला वाटायचं, रोज वेगळं दिसलं की घरात काही कमी आहे हे कुणाला जाणवणार नाही. हे म्हणायचे, "आज शेंगोळे? लई लाड चाललेत की आमचे!" मी खूश व्हायचे. फक्त पीठ उगाच जायला नको म्हणून भाकऱ्यांना बसण्याआधी प्रत्येकाला विचारायचे, "किती टाकू?" माझी लेक हसायची. "मम्मी, खानावळ काढलीस का गं? ऑर्डर घेतीस रोज." ती दोन सांगायची. हे एक म्हणायचे. पुढे पुढे "अर्धी बास" म्हणू लागले. मी तेवढीच टाकत गेले. मला त्यात नीटनेटकेपणा दिसत होता.

परवा त्यांच्या जुन्या कारखान्यातला जोडीदार त्यांना गाडीवर मागे बसवून घरी घेऊन आला. "वैनी, घाबरू नका. एका गेटवर चक्कर येऊन पडला. सकाळधरनं नुस्ता चहा हाय पोटात." डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली. रक्त फार कमी आहे म्हणाले. नुसतं खाण्याचं आहे की आत आणखी काही आहे, ते तपासण्या झाल्यावर कळेल. घरी आल्यावर मी चिडून विचारलं, "मी एवढं करून घालते, तुम्ही खात का नाही?" ते भिंतीकडे तोंड करून वळले. मग म्हणाले, "तू किती म्हणून विचारतीस. कमवत नसलेल्या माणसानं किती म्हणून सांगायचं गं?"

तेव्हापासून तुझं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. अप्पा घरीच असायचे ते दिवस. मला वाटायचं, अप्पांना सुट्टी आहे. काम सुटलं होतं हे फार उशिरा कळलं. तू चुलीपुढे बसलेली आहेस, मांडीशी भाकऱ्यांची दुरडी, तिच्यावर धुवट फडकं. ज्याला हवी त्यानं फडक्याखाली हात घालून घ्यायची, अशी आपल्या घरची रीत. मी नुकतीच आकडे शिकून आले आहे. फडकं उचलते आणि मोठ्यानं मोजायला लागते. "एणिसब्याड!" तू ओरडतेस, आणि माझ्या हातावर फटका बसतो. आपल्या कानडीत, मोजू नकोस. अप्पांचा हात दुरडीपर्यंत आलेला असतो, तो मागे जातो. "झालं माझं," म्हणून ते उठतात. मी रडते आहे, आणि तू माझी समजूत न काढता त्यांच्या पाठीकडे बघत बसली आहेस.

कॉलेजात गेल्यावर मी तुला शहाणपणानं सांगितलं होतं, की मोजल्यानं भाकरी कमी होते ही अंधश्रद्धा आहे. तू तव्यावरची भाकरी उलटत म्हणालीस, "होती की कमी. मोजून बघ एकदा." मी हसले होते. तूही हसलीस, म्हणून मला वाटलं तुला पटलं.

आज मी कुणालाच विचारलं नाही. मनानंच भाकऱ्या थापल्या, वांग्याचं भरीत केलं, ह्यांच्यासाठी मुद्दाम खजूर आणून ठेवला. पण भाकऱ्या स्टीलच्या ताटात उघड्याच होत्या. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग लेकीकडे, आणि एकीवर हात आवरला. लेकीनं दुसरी वाढायला घेतली तर ताटावर आडवा हात धरला. इतक्या दिवसांत मोजायची सवय मीच त्यांना लावली आहे. ती आता मी गप्प बसल्यानं जाणार आहे का, मला माहीत नाही.

तू गेल्यापासूनच्या सगळ्या पत्रांसारखं हेही वहीतच राहील. खरं सांगू, अव्वा? ते जेवत होते तेव्हा मी त्यांच्या घासांकडे बघत होते, आणि मनात मोजत होते. फडकं घातलं तरी खाली किती उरल्यात ते मला कळतच राहणार. तुलाही दर वेळी कळत असणार, आणि तू एकदाही तोंडावर दिसू दिलं नाहीस.

उद्या: माळ्यावरची तुझी दुरडी काढून, धुऊन उन्हात ठेवणे.