मेव्हणीचं विमान आणि जगभरचे ज्वालामुखी

३ जून, सकाळी ६
आजपासून जगातले सगळे जागते ज्वालामुखी माझ्या देखरेखीखाली, कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या कॅमेऱ्यांतून. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून हे करायचंच होतं, पण कधी गुडघा, कधी इंटरनेट. आता नियम म्हणजे नियम. सकाळी कामचात्का, जपान आणि जावा. जेवणानंतर आइसलंड. संध्याकाळी हवाई. आमच्या इथल्या एटना ज्वालामुखीसाठी वेगळी वेळ ठेवलेली नाही. ती काय, खिडकीतून दिसतेच.

५ जून
जावातला सेमेरू दोनदा धुरकटला. बायकोला, म्हणजे मेलाला, लगेच सांगितलं. तिने विचारलं, वांगी आणलीस का. या घरात विज्ञानाला जागा नाही.
आइसलंड हुकलं. जेवणानंतर डोळा लागला. उद्या दुप्पट बघणार.

८ जून
मेलाची धाकटी बहीण सारिना मेलबर्नहून येतेय. बावीस वर्षांनी! १९ तारखेला इथे आमच्या कतानियाच्या विमानतळावर उतरणार. मेला फोनवर हसत होती, मग रडायला लागली, मग पुन्हा हसली. मी मुद्द्याचं विचारलं, विमान कुठून. तर म्हणे बालीवरून. म्हणजे ज्वालामुखींच्या रांगेच्या डोक्यावरून सरळ. फोन हातात घेऊन सारिनाला धोका समजावला. पंचवीस मिनिटांनी मेलाने फोन ओढून घेतला. मग मी चार नकाशे पाठवले.

१० जून
यश. सारिनाने तिकीट बदललं. आता तीन ठिकाणी विमानं बदलत एकेचाळीस तासांत पोचेल, पण सुखरूप. मेला म्हणाली, "एवढ्या वेळात ती पोहत आली असती."
जाणकाराने वादात पडू नये.

१३ जून
खालच्या बेकरीतला चिरिनो मला म्हणाला, "डॉन वेनेरांदो, दोन दिवस झाले, डोंगर गुरगुरतोय, माझ्या कपाटाच्या काचा वाजतायत." मी त्याला समजावलं की काचा ट्रकमुळे वाजतात. ओघात कामचात्काबद्दलही सांगितलं, तासभर. तो कणीक मळत ऐकत होता. गुणी श्रोता आहे. शेवटी एवढंच म्हणाला, आपल्या गल्लीत ट्रक शिरत नाही.

१६ जून
चिरिनोने मेलाचे कान भरले. ती विचारते, सारिनाला तिकडे लांब पालेर्मोलाच उतरायला सांगू का. शेवटी लेखी दिलं: "एटना २५ तारखेपर्यंत शांत राहील. वेनेरांदो." खाली सही. कागद फ्रिजवर लावला. घरात शांतता पसरली.
बालीत अजून एकही विमान अडलेलं नाही. नुसतं नशीब.

१८ जून
निरीक्षण शून्य. दिवसभर गाद्या उन्हात घालणे आणि शर्टाला इस्त्री.

१९ जून, सकाळी ११, विमानतळ
गर्दी नको म्हणून मी आठलाच येऊन बसलो. मेला स्वयंपाक उरकून चिरिनोच्या व्हॅनमधून येणार होती. नियमाप्रमाणे फोनवर जपान लावलं. साकुराजिमा सुरेख दिसत होता. मग लक्षात आलं, बोर्डावर सगळी विमानं रद्द. बोर्ड बिघडला असावा असं वाटलं. पण आत येणारा प्रत्येक माणूस केसांतून काळी रेती झटकत होता.
नऊ वाजता एटना फुटली म्हणे. मला कोणी कळवलं नाही.
मेलाचा फोन. सारिनाचं विमान पालेर्मोला वळवलंय आणि मेला चिरिनोबरोबर तिकडेच निघालीय. मी म्हटलं, वाटेत मलाही घ्या. ती म्हणाली, "नको. पुढे दोनच सीट आहेत, मागे पावाचे ट्रे. येताना सारिनाला मांडीवर बसवेन."

दुपारी ४
छत्री घेऊन राखेतून चालत घरी. गुडघा गेला.
निष्कर्ष: दोष वाऱ्याचा. वारा उत्तरेचा नसता तर राख विमानतळावर आलीच नसती आणि अंदाज जवळजवळ बरोबर ठरला असता.

२० जून
सारिना आली. पालेर्मोला दोघी बहिणी दारातच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या, लोक वळसा घालून जात होते, असं चिरिनोने सांगितलं. दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा डोळे पुसले. मी नव्हतो.
सारिनाला नकाशावर तिचा मार्ग दाखवायला घेतला. दुसऱ्याच विमानतळापाशी ती बुटांसकट झोपली. मेला तिचा हात धरून बसून राहिली. तेवढ्यात फ्रिजवरचा कागद काढायला गेलो. माझ्या सहीखाली लिहिलं होतं: "वाचलं. सारिना."

२४ जून
चिरिनोही जेवायला होता. जेवताना सारिनाने विचारलं, परतीचं तिकीट कधीचं काढू. मी कॉम्प्युटर उघडायला उठलो. मेला म्हणाली, "त्याला विचार ना. तो सांगेल ती सोडून कुठलीही तारीख घे."
सगळे हसले. चिरिनो जरा जास्तच. मीही खिलाडूपणे हसलो आणि पूर्ण अभ्यास करून १ जुलै सांगितली.
तिकीट ३ जुलैचं काढलं. बालीवरून.

३ जुलै
विमान वेळेवर सुटलं. मेला काचेला हात लावून उभी होती, विमान दिसेनासं झालं तरी.
परतताना बसमध्ये तिला सांगितलं की १ तारखेलाही आकाश अगदी स्वच्छ होतं, सगळी विमानं वेळेवर गेली, माझ्या वहीत नोंद आहे. म्हणजे सारिना परवाच आरामात जाऊ शकली असती.
मेला पुढच्या थांब्यावर उठून ड्रायव्हरमागच्या सीटवर जाऊन बसली.
तिथून एटना जास्त चांगली दिसते, म्हणून असेल.