दोन पोती गाजरं

तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं सुखरूप आहोत, काळजी करू नकोस.

काल गल्लीत दंगल झाली. आमच्या भाजीवाल्याला दारातच सळयांनी मारून जमाव पुढे गेला. ह्यांनी त्याला आत ओढून माळ्यावर चढवलं, मी त्याची गाजरांची दोन पोती आत ओढली. तेवढ्यात त्यांतले चौघे त्याला शोधत परत आले, घरात शिरले.

"एवढी गाजरं कुणाची?"

"माझी. लोणच्याची," म्हणत मी रक्त लागलेली गाजरं बादलीतल्या पाण्यात ढकलली.

जाताना त्यांनी दगडाने खिडकी फोडली. पुन्हा येणार आहेत म्हणे.

भाजीवाल्याचा एक डोळा उघडत नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

देवासमोर खोटं बोलले, म्हणून आता दोन्ही पोती खरंच मिठाच्या पाण्यात घालतेय. वर दाबाला त्यांचाच दगड धुऊन ठेवलाय.

तुझीच,
धाकटी