‘क’ माझ्याकडे होता

अप्पा, माझं सगळं बदललं ते तुम्ही दुकानातून आत येऊन म्हणालात, “तू ‘क’ घे,” त्या दुपारी. नांदेडचं कॉलेज अर्ध्यात सोडून मी उदगीरला येऊन पडलो होतो. वर्गातल्या एका मुलीला स्थळं बघायलेत, हे कळल्यावर तिच्या भावावर हात उचलला, आणि मग त्या गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही. दोन महिने तुम्ही माझ्याशी बोलला नव्हतात. मी समोर बसलेला असलो तरी आईला सांगायचात, “त्याला म्हणा, जेवून घे.”

थंडीतच टँकर सुरू झालेलं ते वर्ष. बाजारात जो तो म्हणायचा, उदगीर आता जिल्हा होणार. तुम्ही तर दुकानाची पाटी रंगवताना ‘जि.’पुढची जागा कोरी ठेवायला लावली होती. त्यात धाकटीच्या शाळेनं गॅदरिंगला घरच्यांसोबत काहीतरी करून दाखवा म्हणून सांगितलं. तिनं मोबाइलवर बघून बीटबॉक्सिंग काढलं, सगळी वाद्यं तोंडानंच वाजवायची. ओठ दाबून सोडले की ‘ब’, तो तुम्हाला. जीभ दातामागं आपटली की ‘ट’, तो आईला. ती स्वतः वरून चाल घुमवणार. टाळूवर फुटणारा ‘क’ तेवढा उरला होता, आणि मी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडलेलो.

मग आठ दिवस आपण चौघं स्वयंपाकघरात बसायलोय. आई भाकरी थापता थापता ‘बटाट काट, बटाट काट’ घोकतेय. धाकटी तुम्हाला दटावतेय, “अप्पा, नुसता ‘ब’ म्हणा. रेडा वरडल्यावानी होतंय.” तुम्ही कवळी चाचपत म्हणता, “दात नवे हायत माय, त्यांला अजून ताल कळंना.” आई म्हणते, “टँकर उद्या हाय, अन् तुम्ही थुंका उडवायलाव!” तुमचा ‘ब’ कायम उशिरा पडायचा. मी ‘क’ थोडा थांबवून तुम्हाला सांभाळून घ्यायचो. तुमच्या ते लक्षात आलं होतं. तुम्ही एकदा मान हलवली होती.

गॅदरिंगच्या सकाळी मित्राचा फोन आला, आज दुपारी तिचा साखरपुडा. मी पिशवी भरली. तुमची पूजा नुकतीच आटोपलेली, कपाळावरचं भस्म ओलं. म्हणालात, “उद्या जा की. आज ‘क’ कोण काढंल?” मी म्हणालो, “तुमच्या फुक्-फाकापायी माझी जिंदगी जाऊ द्यायची का?” तुम्ही आईकडं वळलात. “त्याला म्हणा, डबा घेऊन जा.”

घरी परतल्यावर कळलं की ‘ब’ आणि ‘क’ दोन्ही तुम्हीच काढलेत. दम लागला, लोक हसले, तुम्हीही हसलात. धाकटी सांगताना रडली. पाऊस यायच्या आत तुम्ही दुकानात बसल्याबसल्या गेलात. मधल्या महिन्यांत तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.

अप्पा, मी नांदेडला पोहोचलोच नाही. तिच्या दारात काय बोलायचं, हेच सुचेना, वाटेत मुखेडलाच उतरलो. बाजाराचा दिवस होता. स्टँडच्या बाकड्यावर बसून डबा खाल्ला. उदगीरची गाडी समोरून दोनदा गेली. कार्यक्रम संध्याकाळचा होता, दुसरीत बसलो असतो तरी गाठला असता. पण “आलास का लगेच?” म्हणाल, एवढ्याला भिऊन बसून राहिलो. तिच्यापायी तुम्हाला सोडलं, असं म्हणायला बरं पडतं. इतकी वर्षं तेच म्हणत आलो. आता तेही म्हणायचा कंटाळा आलाय.

बाहेर आई शेजारणीला सांगायलीय, “पोरगं माझं तवा त्या पोरीपायी गेलं हुतं, न्हाई तर बापाला असं सोडलं नसतं.” ते मी आजही खोडणार नाही. हा लिहिलेला कागद गादीखाली सारतो, चपला घालतो, आईच्या बाजूनं बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.