बाप्पामागचा लाल दिवा

निर्मळ, शनिवार, ११ नोव्हेंबर २००६

आज सून मेघा पहिल्यांदाच आमची जुनी व्हॅन विरारला नेणार होती. बायको पुढे तिच्या शेजारी बसली, मी मागे. मेघाने चावी फिरवली आणि लगेच गाडी बंद केली. "बाबा, बाप्पाच्या स्टिकरमागे लाल दिवा पेटलाय."

पेटलेलाच असतो. दोन महिने डोळ्यांत खुपत होता, म्हणून तो स्टिकर मीच चिकटवला. हे कुणाला सांगायचं?

"एअरबॅगचा दिवा आहे. दुरुस्त होईपर्यंत मी आईंना पुढे बसवणार नाही."

आधी रागच आला. काल लायसन्स मिळालेली पोर मला शिकवणार? तरी बायकोला मागे घेतलं आणि गाडी आधी गॅरेजला न्यायला सांगितली.

गॅरेजवाल्याने सीटखाली हात घातला. झेंडूच्या रिकाम्या गोण्या मी रोज तिथेच कोंबतो, त्यांनी वायर ओढली गेली होती. धडक झाली असती तर एअरबॅग उघडलीच नसती, म्हणाला. वायर जोडून त्याने तपासणीचं मशीन लावलं. चावी फिरवल्यावर दिवा क्षणभर पेटला आणि विझला, म्हणजे आता सगळं ठीक. मेघाने स्टिकर अलगद काढून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात लावला.

परतताना नाक्यावर शेजारी हसला, "अण्णा, गाडी सुनेच्या हातात?"

म्हटलं, "गाडीच कशाला, आम्ही सगळेच."