देवी डाव्या हाताला

१२ जाने., सोम.
आज पाय निघतच नव्हता. तरी गेले. शोभाताई चारला येते, साडेपाचला जाते. तेवढा दीड तास सासूबाईंचं सगळं ती बघते. सकाळपासून तीनदा चादर बदलली. खुब्याचं हाड मोडून त्यांना चौदा महिने झाले, मला चौदा वर्षं झाल्यासारखी वाटतात. लिहिलं. आता लिहिलंच आहे तर राहू दे.
फेरी नेहमीचीच. सोसायटीचं मागचं गेट, पुलाखालून पलीकडे, खाडीचा बांध, शेतांतली पाऊलवाट, तळं, गाव, गावातल्या बोळातून पुन्हा रस्ता. आल्या वाटेने परतायचं नाही, हे त्यातलं सगळ्यात छान. एक तास वीस मि. कोणी हाक मारत नाही.
घरी सांगायचं काय, तर "गावदेवीला प्रदक्षिणा घालून येते, तुमच्या पायासाठी." दिवाळीपासून हेच. नुसतं "फिरून येते" म्हटलं असतं तर सा.बाई लगेच म्हणाल्या असत्या, घरात माणूस पडलंय आणि हिला हवा खायचं सुचतंय. देवीपुढे त्यांचं काही चालत नाही.

१५ जाने., गुरु.
काल संक्रांतीच्या गडबडीत फेरी बुडाली. दिवसभर सगळ्यांवर खेकसत होते. तीळगूळ देताना गोड बोला म्हणायचं म्हणजे कहरच.
आज गेले. भात कापलेल्या खाचरांत वालाला शेंगा धरल्यात. कुठेतरी पोपटी लावलेली, मडक्यात भाजल्या शेंगांचा वास. लांब रस्त्यावर न्हावा शेवा बंदराचे कंटेनर रांगेने. त्यांचा आवाज येतो, पण त्यातलं काही माझ्यासाठी नसतं. तळ्याकाठी दहा मि. नुसती बसले. देऊळ समोर, आत गेले नाही.
घरी आल्यावर सा.बाईंनी रोजच्यासारखा अंगारा मागितला. देव्हाऱ्यातलाच, कागदाच्या पुडीतून दिला. डोळे मिटून लावला त्यांनी. लाज वाटली मला.

१९ जाने., सोम.
जुईनगरहून वन्संचा फोन. सा.बाईंनी स्पीकरवर लेकीपाशी माझं कौतुक केलं: "ही रोज देवीला जाते, म्हणून तर पाय हलायला लागला." पाय हलला तो फिजिओच्या मॅडममुळे. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आई चालायला लागली की उद्यापन करू, देवीची ओटी भरू." देवीला नवसच बोलले नाही, आणि उद्यापन! फोन ठेवून मोरीत जाऊन हसले. मग रडूच आलं. सा.बाईंचा कंटाळा नाही. रोजचा कंटाळा...

२३ जाने., शुक्र.
वालाच्या शेतावर एक म्हातारी बसते, काशीबाई, त्याच गावातली. आज तिने हटकलं. "रोज कुठं जातंस गो बाय?" सवयीने तिलाही तेच सांगितलं, देवीला प्रदक्षिणा. ती मोठ्याने हसली. "देवी आमची हाय. तिला उजव्या हाताला ठेवायची. तू त रोज डाव्या हाताला ठेवून उलटी फिरतंस. असं कोन करतं?"
खरंच की! बांधाकडून सुरुवात केली तर ऊन पाठीवर राहतं, एवढंच मी बघितलं. तीन महिने उलटी फिरतेय. लहानपणी चुकून एक पाऊल उलटं पडलं तर आई कान पिळायची.

२४ जाने., शनि.
घोटाळा केला. जेवण भरवताना सा.बाई म्हणाल्या, "देऊळ कसं आहे गं? कधी सांगत नाहीस." मी रंगात आले. तळं सांगितलं, पिंपळ सांगितला, आणि देऊळ डाव्या हाताला लागतं म्हणाले.
"डाव्या? फेरी घालताना?"
"म्हणजे... येताना..."
अंथरुणाला त्यांचे पाय खिळलेत, डोकं नाही. भात अर्धाच खाल्ला.

२६ जाने., सोम.
सुट्टी. हे घरी, शो.ताई नाही, फेरी नाही. सा.बाई परवापासून माझ्याशी बोलत नाहीत. अंगाराही नको म्हणाल्या. आता बंद होणार बहुतेक. फेरी गेली तर मी टिकणार नाही, हे इथे तरी खरं लिहिते.
संध्या. हे म्हणाले, "उद्यापासून फिजिओ चारला येईल म्हणतेय. तू घरी हवीस. देवीला इथूनच नमस्कार कर." मी कणीक मळत होते, मळतच राहिले. भांडायलासुद्धा अंगात जोर लागतो.
आतून सा.बाई: "चारला नको. चारला तिची प्रदक्षिणा असते."
"अगं आई, पण—"
"देवाच्या कामात मधे येऊ नकोस."
ह्यांनी मॅडमना फोन लावला, अकराची वेळ घेतली. माझे हात कणकेत तसेच.

२९ जाने., गुरु.
परवा मुद्दाम सुलटी फिरले. सगळं ऊन तोंडावर. कालपासून पुन्हा उलटी.
आज पावणेचारच्या सुमारास सा.बाईंचे केस विंचरताना राहवेना. म्हटलं, "आई, मी देवळात जात नाही."
"ठाऊक आहे."
"कधीपासून?"
"पहिल्याच आठवड्यात. सलवारीला कुसळं घेऊन येतेस. देवळात कुसळं कुठली?"
"मग शनिवारपासून अबोला कशाला?"
"तुला धड खोटंही सांगता येईना. राग आला मला. माझ्या लेकासमोर असं बोलली असतीस तर?"
मी हसायला लागले, त्याही. किती महिन्यांनी. मग त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "मी गेल्यावर काय सांगून बाहेर पडशील गं?"
वेणी घातली, सैल झाली, सोडून पुन्हा घातली. तेवढ्यात बेल वाजली, शोभाताई आली. मी चपला घातल्या आणि बांधाच्या वाटेला लागले.